हरणाऱ्या संघाचे गाव : ब्रुकलिन डॉजर्स आणि त्याचे चाहते, १८८३ ते १९५७

व्यावसायिक क्रीडासंघांचा इतिहास बहुधा विजेतेपदे, विक्रम आणि खेळाडूंची देवघेव यांच्या क्रमाने लिहिला जातो, आणि अशा लेखनात प्रेक्षक केवळ तिकीटविक्रीच्या आकड्यापुरता उरतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते, कारण पंचाहत्तर हंगामांत जगज्जेतेपद एकदाच मिळवणाऱ्या या संघाचे अमेरिकेच्या सामाजिक इतिहासातील स्थान त्याच्या यशाच्या मानाने फारच मोठे आहे आणि त्याचे कारण मैदानापेक्षा प्रेक्षकांत अधिक सापडते. चाहत्यांच्या बाजूने हा इतिहास पाहिला, तर दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, वारंवार वाट्याला आलेल्या पराभवांनीच निरनिराळ्या वंशांच्या आणि धर्मांच्या लोकांना एका समाजात बांधले. आणि दुसरी अशी की, ज्या संघाला हा समाज आपला म्हणत होता त्यावर त्याचा कायदेशीर हक्क काडीचाही नव्हता.

संघाची स्थापना झाली त्या १८८३ या वर्षी ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते, आणि त्याच वर्षी पूर्व नदीवरचा प्रसिद्ध पूल खुला होऊन ते मॅनहॅटनशी जोडले गेले. पुढे १८९४ मध्ये विलीनीकरणाच्या प्रश्नावर मतदान झाले, तेव्हा ब्रुकलिनमध्ये अवघ्या २७७ मतांच्या फरकाने विलीनीकरणाची बाजू सरस ठरली, आणि १ जानेवारी १८९८ रोजी हे शहर विस्तारित न्यूयॉर्क महानगराचे एक ‘बरो’, म्हणजे प्रशासकीय विभाग, बनले. स्वतःचा महापौर आणि स्वतःची नगरसभा गेल्यावर ब्रुकलिनचे नाव देशभर मिरवणाऱ्या ज्या मोजक्या संस्था उरल्या, त्यांत बेसबॉलचा संघ अग्रभागी होता. विजेच्या ट्रामगाड्या चुकवत रस्ते ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांवरून १८९०च्या दशकात संघाला ‘डॉजर्स’, म्हणजे चुकवणारे, हे नाव पडले. मधल्या काळात इतर अनेक नावे आली आणि गेली, परंतु १९३०च्या दशकात हेच नाव कायम झाले.

संघाला स्थायी घर मिळवून दिले ते चार्ल्स एबेट्स यांनी. १८८३ मध्ये संघाच्या कचेरीत हिशेब आणि तिकिटे सांभाळणारे हे गृहस्थ १८९८ मध्ये अध्यक्ष झाले, आणि फ्लॅटबुशजवळच्या ‘पिगटाउन’ नावाच्या कचऱ्याच्या व झोपड्यांच्या वस्तीतील जमिनीचे तुकडे त्यांनी एकेक करून विकत घेतले. बांधकामासाठी पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी संघाची निम्मी मालकी मॅकीव्हर बंधूंना विकली, आणि १९१३ मध्ये एबेट्स फील्ड हे मैदान सुरू झाले. त्याच्या प्रवेशद्वारातील संगमरवरी गोल दालनात बेसबॉलच्या बॅटींच्या आकाराच्या दांड्यांवर चेंडूंसारखे गोल दिवे बसवलेले झुंबर होते. आत मात्र सगळा मामला आटोपशीर होता. सुमारे ३२ हजारांच्या या मैदानात पुढच्या रांगांतील प्रेक्षकाला खेळाडूचे बोलणे ऐकू येई आणि प्रेक्षकाची टीकाही खेळाडूच्या कानी पडे. उजव्या बाजूच्या धावफलकाखाली एब स्टार्क या कपड्याच्या व्यापाऱ्याची पाटी होती, आणि फलंदाजाने टोलवलेला चेंडू थेट तिच्यावर आदळला तर त्याला एक सूट मोफत मिळत असे. या पाटीने घराघरांत पोचलेले स्टार्क पुढे ब्रुकलिन बरोचे अध्यक्ष झाले.

येथे स्पर्धेची रचना सांगणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन प्रमुख लीग होत्या, प्रत्येकीत आठ संघ होते आणि प्रत्येक संघ हंगामात १५४ सामने खेळत असे. लीगमध्ये पहिला येणारा संघ ‘पेनंट’, म्हणजे विजयपताका, जिंकत असे, आणि दोन पेनंटविजेत्यांमध्ये शरद ऋतूत होणाऱ्या सामन्यांच्या मालिकेला ‘वर्ल्ड सिरीज’ म्हणत. ब्रुकलिनने १९१६ आणि १९२० मध्ये पेनंट जिंकले, परंतु दोन्ही वेळा वर्ल्ड सिरीज गमावली, आणि त्यानंतर एकवीस वर्षे त्याला पेनंटही मिळाले नाही.

या दीर्घ पडत्या काळात संघाची ख्याती गमतीदार चुकांसाठी झाली. १९२६ ते १९२९ ही चारही वर्षे तो सहाव्या स्थानावर राहिला, आणि १९२६ मधील एका सामन्यात तर त्याचे तीन धावपटू एकाच वेळी तिसऱ्या बेसवर येऊन उभे राहिले, जेथे नियमाप्रमाणे एकच उभा राहू शकतो. १९३४च्या आरंभी न्यूयॉर्क जायंट्सचे व्यवस्थापक बिल टेरी यांनी ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे काय, असे पत्रकारांसमोर विचारले. हे जायंट्स मॅनहॅटनच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर खेळत आणि ब्रुकलिनचे हाडवैरी मानले जात, त्यामुळे तो टोमणा ब्रुकलिनकरांच्या जिव्हारी लागला. त्याच हंगामाच्या अखेरच्या दोन दिवशी सहाव्या स्थानावरील डॉजर्सनी जायंट्सना त्यांच्याच मैदानावर दोनदा हरवले, त्यांचे पेनंट सेंट लुईसच्या पदरात पडले, आणि विजेतेपदाशी काहीही संबंध नसलेल्या संघाच्या चाहत्यांनी तो हंगाम सार्थकी लागल्याचे मानले.

पराभवाशी असलेल्या या नात्यातून चाहत्यांची स्वतःची रीत आणि भाषा तयार झाली. संघाला ते ‘बम्स’, म्हणजे फाटके निरुद्योगी लोक, म्हणत, आणि व्यंगचित्रकार विलार्ड मुलिन यांनी काढलेला दाढीचे खुंट वाढलेला, ठिगळांचे कपडे घातलेला बम हा संघाचा सर्वमान्य चेहरा झाला. हे संबोधन घरच्या माणसाने वापरलेले चालत असे. बाहेरच्याने वापरले की भांडण ठरलेले. मैदानाच्या उघड्या बाकांवर बसणाऱ्या हिल्डा चेस्टर या बाईंची पितळी घंटा आणि खणखणीत आवाज हा सामन्याचाच भाग समजला जाई. चाहत्यांचे एक हौशी वाद्यपथकही होते, जे पंच मैदानात आले की तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवून त्यांच्या दृष्टीविषयी आपले मत कळवत असे. बिनमोबदला वाजवणाऱ्या या मंडळींना वादकांच्या संघटनेने १९५१ मध्ये हरकत घेतली, तेव्हा क्लबने वाद्य घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एका सामन्यासाठी फुकट प्रवेश दिला.

न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी तिकीटविक्री घटेल या भीतीने रेडिओवरील प्रक्षेपण टाळण्याचा आपसांत करार केला होता. १९३८ मध्ये ब्रुकलिनची सूत्रे हाती घेतलेल्या लॅरी मॅकफेल यांनी तो मोडला आणि १९३९ पासून रेड बार्बर यांचे धावते वर्णन सुरू झाले. दक्षिणेकडील हेल काढून, शांतपणे आणि पक्षपात न करता बोलणाऱ्या बार्बर यांच्यामुळे मैदानावर कधीच न गेलेल्या गृहिणींना आणि दुकानदारांनाही खेळाचे बारकावे उमगू लागले, आणि उन्हाळ्यातील दुपारी उघड्या खिडक्यांतून एकच आवाज येत असल्याने रस्त्याने चालणाऱ्याचा सामना चुकत नसे, ही आठवण त्या पिढीच्या अनेकांनी सांगितलेली आहे.

१९४१ मध्ये अखेर पेनंट मिळाले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यँकीज या बलाढ्य संघाशी गाठ पडली. एबेट्स फील्डवरील चौथ्या सामन्यात ब्रुकलिन ४–३ असे पुढे होते, शेवटच्या म्हणजे नवव्या डावात यँकीजचे दोन गडी बाद झाले होते, आणि टॉमी हेन्रिक या फलंदाजाने तिसरा चेंडूही हुकवला. तीन चेंडू हुकले की फलंदाज बाद होतो, परंतु यष्टिरक्षकाच्या जागी उभा असणारा कॅचर तो तिसरा चेंडू झेलू शकला नाही, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावता येते. ब्रुकलिनचे कॅचर मिकी ओवेन यांच्या हातमोज्यातून चेंडू निसटला, हेन्रिक धावत सुटला, आणि संपलेला सामना पुन्हा सुरू होऊन यँकीजनी तो ७–४ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी मालिकाही संपली. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य ब्रुकलिनमध्ये त्यानंतर दर शरदात म्हटले जाऊ लागले, आणि ‘ब्रुकलिन ईगल’ या स्थानिक दैनिकाने ते मथळ्यातही छापले.

१५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन खेळण्यास उतरले, आणि सहा दशके कृष्णवर्णीयांना बंद असलेले प्रमुख लीगचे दार उघडले. हा निर्णय संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांचा होता आणि त्यामागे नैतिक भूमिकेइतकाच नव्या खेळाडूंचा व प्रेक्षकांचा हिशेबही होता. परंतु तो निभावून नेण्यात ब्रुकलिनच्या प्रेक्षकांचा वाटा दुर्लक्षिता येणार नाही. सगळे ब्रुकलिनकर वर्णद्वेषापासून मुक्त होते असे मानण्याचे कारण नाही. तथापि ज्यू, इटालियन, आयरिश आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती मॅनहॅटनच्या श्रीमंतीपुढे स्वतःला उपेक्षित समजत आली होती, आणि पाहुणे संघ रॉबिन्सन यांना शिव्या देऊ लागले तेव्हा त्या शिव्या आपल्यालाच दिल्या जात आहेत असे तिला वाटले. त्या वर्षी एबेट्स फील्डवर १८ लाखांहून अधिक प्रेक्षक आले, आणि ब्रुकलिनच्या इतिहासात हा आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही.

पुढील दहा वर्षांचा संघ हा चाहत्यांच्या दृष्टीने सर्वात जिव्हाळ्याचा ठरला. पी वी रीज, ड्यूक स्नायडर, रॉय कॅम्पानेला, कार्ल फुरिलो, गिल हॉजेस आणि रॉबिन्सन ही नावे वर्षानुवर्षे बदलली नाहीत, आणि याचे एक कारण खेळाडूंच्या करारातील ‘राखीव कलम’ हे होते. या कलमानुसार करार संपल्यावरही खेळाडूवर क्लबचाच हक्क राही, त्यामुळे त्याला स्वतःच्या इच्छेने दुसरीकडे जाता येत नसे आणि त्याचे वेतनही फारसे वाढत नसे. खेळाडूंवर अन्याय करणाऱ्या या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की, मध्यमवर्गीयांइतकेच कमावणारे हे लोक बे रिज आणि फ्लॅटबुशच्या साध्या घरांत राहत आणि लहान मुलांना ते दुकानात किंवा रस्त्यावर सहज भेटत. हॉजेस यांनी तर ब्रुकलिनच्याच मुलीशी लग्न करून तेथेच कायमचे बिऱ्हाड केले.

असा संघ लाभूनही यश हुलकावणी देत राहिले. १९४७ आणि १९४९ मध्ये यँकीजकडून पराभव झाला आणि १९५० मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी पेनंट निसटले. १९५१ मध्ये तर ११ ऑगस्टला जायंट्सवर साडेतेरा सामन्यांची आघाडी होती, परंतु जायंट्सनी शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून बरोबरी साधली आणि तीन सामन्यांची निर्णायक फेरी खेळवावी लागली. ३ ऑक्टोबर रोजी पोलो ग्राउंड्सवर तिसऱ्या सामन्याच्या नवव्या डावाच्या आरंभी ब्रुकलिन ४–१ असे पुढे असताना जायंट्सनी एक धाव काढली, आणि मग राल्फ ब्रँका यांच्या चेंडूवर बॉबी थॉमसन यांनी मैदानाच्या भिंतीपलीकडे फटका मारून, म्हणजे होम रन करून, एकदम तीन धावा मिळवल्या. त्या हंगामात जायंट्स दुर्बिणीच्या साहाय्याने प्रतिस्पर्धी कॅचरच्या गुप्त खुणा टिपत होते, हे २००१ मध्ये तपशिलाने उघड झाले. मात्र ब्रँका यांना अर्धे शतक त्या एका चेंडूचे ओझे वाहावे लागले.

पराभूताशी कसे वागावे याची ब्रुकलिनची रीत १९५२ मध्ये विशेष स्पष्टपणे दिसली. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये हॉजेस यांना एकवीस संधींत एकही यशस्वी फटका मारता आला नाही, आणि सात सामन्यांची मालिका यँकीजनी जिंकली. असे अपयश दुसऱ्या कोठेही हुर्यो ओढवून घेते. ब्रुकलिनच्या प्रेक्षकांनी मात्र ते फलंदाजीस आले की प्रत्येक वेळी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि पत्रांबरोबर जपमाळा व ताईत धाडले. पुढच्या वर्षी हॉजेस यांचा सूर पुन्हा हरवला, तेव्हा एका कॅथलिक धर्मगुरूंनी रविवारी उकाड्यामुळे प्रवचन रद्द केले आणि भाविकांना घरी जाऊन आज्ञा पाळण्यास व हॉजेससाठी प्रार्थना करण्यास सांगितले. हॉजेस सावरले आणि पेनंटही मिळाले. परंतु १९५३ची वर्ल्ड सिरीजही यँकीजनीच जिंकली. वर्ल्ड सिरीजमधील हा ब्रुकलिनचा सातवा पराभव होता, आणि त्यांपैकी पाच यँकीजच्या हातून झाले होते.

४ ऑक्टोबर १९५५ रोजी यँकी स्टेडियममध्ये झालेल्या सातव्या सामन्यात हे चक्र थांबले. तेवीस वर्षांच्या जॉनी पॉड्रेस यांनी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, या नात्याने यँकीजना एकही धाव काढू दिली नाही. ब्रुकलिनच्या दोन्ही धावा हॉजेस यांच्या फटक्यांतून आल्या, आणि सहाव्या डावात यँकीजचे दोन धावपटू बेसवर असताना योगी बेरा यांनी डाव्या कोपऱ्यात उंच मारलेला चेंडू क्यूबाच्या सँडी अमोरोस यांनी धावत जाऊन हात लांबवून झेलला. सामना २–० असा सुटला, आणि ब्रुकलिनमध्ये मोटारींचे भोंगे, मिरवणुका आणि नाच यांनी रात्र उजाडेपर्यंत रस्ते गजबजले. मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’ असा मथळा देणारे ‘ब्रुकलिन ईगल’ संपामुळे त्याच वर्षीच्या जानेवारीत बंद पडले होते, त्यामुळे विजयाची बातमी ब्रुकलिनकरांना मॅनहॅटनच्या वृत्तपत्रांतून वाचावी लागली.

त्या दैनिकाचे बंद पडणे ही सुटी घटना नव्हती. युद्धोत्तर काळात सरकारी हमीची गृहकर्जे आणि नवे महामार्ग यांच्या आधारे ब्रुकलिनची गोरी मध्यमवर्गीय कुटुंबे लाँग आयलंडच्या उपनगरांत निघून जात होती, आणि तेथून सामना पाहायचा तर मोटार लागे, जिच्यासाठी एबेट्स फील्डपाशी जेमतेम सातशे जागा होत्या. शिवाय सामने दूरचित्रवाणीवर घरबसल्या दिसत होते. परिणामी जगज्जेतेपदाच्या वर्षीही केवळ १० लाख ३३ हजारांच्या आसपास प्रेक्षक आले, म्हणजे मैदान सरासरीने अर्धेही भरले नाही. याउलट १९५३ मध्ये बॉस्टनहून मिलवॉकीला गेलेल्या ब्रेव्ह्ज संघाने पुढच्याच वर्षी २० लाखांचा टप्पा ओलांडला होता. चाहत्यांच्या निष्ठेचा गौरव करताना, त्यांतील पुष्कळांनी मैदानाकडे पाठ फिरवली होती हेही नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरते. मन संघात होते, पण वस्ती दूर गेली होती.

१९५० पासून अध्यक्ष असलेले वकील वॉल्टर ओ’मॅली यांनी अटलांटिक आणि फ्लॅटबुश मार्गांच्या चौकात, लाँग आयलंडच्या रेल्वेस्थानकालगत, स्वतःच्या खर्चाने नवे स्टेडियम बांधण्याचा प्रस्ताव मांडला आणि बकमिन्स्टर फुलर यांच्याकडून त्यासाठी घुमटाकार छताचा आराखडाही तयार करून घेतला. तेथील जमीन शहराने १९४९च्या गृहनिर्माण कायद्याखाली संपादित करून द्यावी, ही त्यांची मागणी होती. कोणत्याही निवडणुकीत निवडून न येताही न्यूयॉर्कच्या बांधकामांवर सत्ता गाजवणारे रॉबर्ट मोझेस यांनी खासगी क्रीडासंघ हा सार्वजनिक हेतू नव्हे असे सांगून ती फेटाळली, आणि क्वीन्स विभागातील फ्लशिंग मेडोज येथील जागा पुढे केली. ब्रुकलिनबाहेर गेलेला संघ ब्रुकलिनचा राहणार नाही, हे ओ’मॅली यांचे उत्तर तर्काला धरून होते. परंतु मग संघ हलवण्यासाठी त्यांनी केलेली कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसची निवड त्या तर्कात बसत नव्हती. ब्रुकलिनच्या लोकस्मृतीत सारा दोष ओ’मॅलींच्या माथी आला असला, तरी नंतरच्या अभ्यासकांनी मोझेस आणि चालढकल करणारे नगरप्रशासन यांनाही जबाबदार धरले आहे. संघ तोट्यात नव्हता, हे १९५७ मध्ये ब्रुकलिनचेच प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या उपसमितीपुढे आलेल्या हिशेबांवरून दिसले.

मालकाला अडवण्याचा कोणताही मार्ग चाहत्यांना उपलब्ध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नसल्याचे ठरवून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली होती आणि १९५३ मध्ये ती कायम ठेवली होती, त्यामुळे संघ कोठे असावा हा विषय मालकांच्या आपसातील मतदानाचा होता. ते मतदान मे १९५७ मध्ये झाले, आणि डॉजर्स व जायंट्स या दोघांनाही कॅलिफोर्नियाला जाण्याची परवानगी मिळाली. २४ सप्टेंबर रोजी एबेट्स फील्डवर पिट्सबर्गविरुद्ध शेवटचा सामना झाला, तेव्हा ६,७०२ प्रेक्षक हजर होते आणि ऑर्गनवादक ग्लॅडिस गुडिंग निरोपाची गीते वाजवत होत्या. ब्रुकलिनने तो सामना २–० असा जिंकला. स्थलांतराची अधिकृत घोषणा ८ ऑक्टोबरला झाली. फेब्रुवारी १९६० मध्ये बेसबॉलसारखा रंगवलेला लोखंडी गोळा लावून मैदान पाडण्यास सुरुवात झाली आणि त्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या.

लॉस एंजेलिसच्या बाजूनेही हा व्यवहार निष्कलंक नव्हता. ज्या चावेझ रॅव्हिनमध्ये १९६२ साली डॉजर स्टेडियम उघडले, तेथील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना सरकारी घरबांधणीच्या नावाखाली आधीच उठवले गेले होते, ती घरे कधीच बांधली गेली नाहीत, आणि उरलेल्यांना १९५९ मध्ये पोलिसांनी ओढून बाहेर काढले. एका वस्तीचा संघ गेला आणि दुसऱ्या वस्तीची घरे गेली. दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारे वेगळे होते आणि किंमत मोजणारे वेगळे.

ब्रुकलिनच्या चाहत्यांपुरते पाहिले तर १९६२ मध्ये न्यूयॉर्कला मिळालेल्या मेट्स या नव्या संघाने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घेतला, पहिल्याच हंगामात १२० सामने गमावले, आणि हरणाऱ्यावर प्रेम करण्याची जुनी सवय असलेल्या प्रेक्षकांनी त्याला आपलेसे केले. १९६९ मध्ये त्याने जगज्जेतेपद मिळवले तेव्हा त्याचे व्यवस्थापक गिल हॉजेस होते. लॉस एंजेलिसचा क्लब १९५५चे जगज्जेतेपद आजही आपल्या खाती मोजतो, आणि मालकीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण नोंदवहीत १९५७ साली फक्त पत्ता बदलला. चाहत्यांच्या इतिहासात मात्र त्या साली संघ संपला. या दोन नोंदींतील तफावत ही कोणा एका मालकाच्या स्वभावाची बाब नसून, व्यावसायिक खेळाच्या मूळ रचनेतच ती आहे: संघाला मोल येते ते गावाच्या नावामुळे आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या वेळेमुळे, पण ते मोल विकण्याचा अधिकार त्यांतील कोणालाच नसतो. ब्रुकलिनकरांनी हरणाऱ्या संघाला बहात्तर हंगाम सांभाळले आणि जिंकणाऱ्या संघाला दोन वर्षांत गमावले, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली तर यशामुळे संघ गावाशी बांधला जातो हा समज टिकत नाही; तो बांधला जायचा असेल तर ते काम कायद्यानेच करावे लागते, आणि अमेरिकेत ते काम ब्रुकलिनच्या उदाहरणानंतरही झालेले नाही.